राऊटर संध्याकाळी आपोआप बंद-चालू होतोय, लॉगरीडमध्ये आधीचं काहीच दिसत नाही

नववी_गल्ली · सोमवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत नवव्या गल्लीत माझी अभ्यासिका आहे. पहिला मजला, 44 खुर्च्या. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, जी जाहिरात निघेल तिचा अभ्यास करणारी पोरं-पोरी. त्यांना पाणी, पंखा आणि नेट एवढंच लागतं. पाणी गेलं तर खाली जाऊन चहा पितात. नेट गेलं तर माझ्या टेबलासमोर रांग लागते.

गेले अडीच आठवडे रोज संध्याकाळी साडेपाच ते आठच्या दरम्यान नेट जातंय. दोन-अडीच मिनिटं जातं आणि आपोआप येतं. कधी एकदा, कधी चारदा. नेमकी त्याच वेळेला टेस्ट सीरिज चालू असते, वर घड्याळ उलटं पळत असतं आणि वायफायच गायब. परवा एका पोरीचे 70 प्रश्न सोडवून झाले होते. रडायची बाकी राहिली होती बिचारी.

लाईनवाला तीनदा येऊन गेला. एकदा फायबर पुसलं, एकदा कनेक्टर बदलला, तिसऱ्यांदा अख्खा ओएनटी (फायबर येऊन लागतं ती डबी) बदलला. आता म्हणतोय, "दादा, आमच्याकडनं लाईन ओके आहे, तुमचा राऊटरच तसला." नेट गेल्यावर ओएनटीचे दिवे बघितले, सगळे हिरवे. पंखे चालू, ट्यूब चालू. म्हणजे लाईट गेलेली नाही.

राऊटर जुना आहे, 128 एमबी रॅम, 16 एमबी फ्लॅश. भाच्यानं गेल्या वर्षी त्यावर ओपन-डब्ल्यूआरटी (राऊटरसाठीचं लिनक्स) टाकून दिलं. पीपीपीओईचं (नेट कंपनीचं युजर-पासवर्डचं) लॉगिन राऊटरवरच आहे, ओएनटी नुसता ब्रिज, इकडचं तिकडं पोचवणारा. भाचा आता हैदराबादला नोकरीला, फोन लागतो तो रविवारीच. जाताना राऊटरच्या डबीवर एक कागद चिकटवून गेला: "नेट गेलं की आधी लॉगरीड, मग डीमेसेज, मग मला फोन." दोन्ही राऊटरच्या नोंदी (लॉग) दाखवणाऱ्या कमांड, तेवढं मी शिकलोय. लॅपटॉपवरून एसएसएच करून राऊटरच्या आत जाऊन कमांड देता येतात.

आता अडचण. नेट गेलं, आलं, मी लगेच लॉगरीड मारलं, तर पहिलीच ओळ कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू झाल्याची. त्याच्या आधीचं काही नाही. म्हणजे राऊटर रीस्टार्ट झाला एवढं कळलं, पण का झाला ते जिथं लिहिलेलं असणार तेवढंच पान फाटलेलं. वर आणि तारीख 2 एप्रिल दाखवतोय, आणि मे चालू आहे! बऱ्याच ओळींनंतर एकदम आजची तारीख येते. घड्याळ खुळं झालंय काय?

दुसरं एक आहे, ते याच्याशी जोडलेलं आहे का माहीत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा पहाटे चारच्या सुमाराला नेट गेलं. रात्रपाळीला बसणारी चार पोरं आहेत, त्यांनी सांगितलं. तेव्हा मात्र लॉग शिल्लक होता. त्यात अशी ओळ होती: "नो रिस्पॉन्स टू 5 इको-रिक्वेस्ट्स". खाली "सीरियल लिंक अपिअर्स टू बी डिसकनेक्टेड". आमच्याकडं सीरियल असं काही जोडलेलंच नाही.

प्रश्न एवढाच: लॉगरीडमधलं जुनं जातं कुठं, आणि ते परत काढता येतं का? कमांड देवनागरीत लिहितोय, फोनला मराठी कीबोर्ड आहे. तुम्हीही तशाच लिहा, मी बरोबर लावून घेतो.

पोरं आधीच वैतागलेली आहेत. खिडकी उघडली की मिरचीचा ठसका आत येतो, अख्खी खोली खोकते, म्हणून खिडक्या बंद. बंद खोलीत 44 जण आणि त्यात नेट नाही.

कॉफी_आणि_कर्नल · सोमवार, रात्री 11:15

सोपं आहे. लिनक्सच आहे ना? "जर्नलसीटीएल -बी -1" मार, मागच्या बूटचा लॉग येईल. नाहीतर /व्हार/लॉग/सिसलॉग उघड.

नववी_गल्ली · सोमवार, रात्री 11:32

पहिल्याला "नॉट फाउंड" म्हणाला. दुसऱ्यालाही तेच. /व्हार/लॉग मध्ये गेलो तर तिथं त्या नावाचं काहीच नाही.

दुसरी_पाळी · मंगळवार, पहाटे 1:20

आत्ता शिरोलीतून पाळी संपवून आलो. फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल. असले छोटे लिनक्सचे डबे आमच्याकडं पॅनेलमध्येही बसलेत, त्यामुळं थोडा हात बसलाय.

वरच्या दादांनी सांगितलं ते लॅपटॉपवरच्या मोठ्या लिनक्सला लागू. ओपन-डब्ल्यूआरटीमध्ये सिस्टिमडी (मोठ्या लिनक्सची सेवा सांभाळणारी यंत्रणा) नसतं, म्हणून जर्नलसीटीएलही नाही. आणि /व्हार म्हणजे तिथं /टीएमपीकडं दाखवलेलं बोट आहे. /टीएमपी रॅममध्ये असतं. त्यामुळं तिथं फाइल असती तरी रीस्टार्टला गेलीच असती.

लॉगरीड जे वाचतं ती फाइल नसतेच. लॉगडी नावाचा एक प्रोग्रॅम मागं सतत चालू असतो. कर्नल, नेटचं लॉगिन करणारा पीपीपीडी, मोबाईलना आयपी पत्ते वाटणारा डीएनएसमास्क, वायफायचा होस्टएपीडी, सगळे आपापल्या ओळी त्याच्याकडं देतात. तो त्या रॅममधल्या ठरावीक जागेत ठेवतो, तुमच्या व्हर्जनला बहुतेक 64 केबी. तुमच्या अभ्यासिकेत फळा असेलच. समजा फळा भरला, तर तुम्ही दुसरा फळा आणत नाही, सगळ्यात जुनी ओळ पुसता आणि तिथं नवी लिहिता. लॉगडी तेच करतो. 64 केबीत साधारण सहा-सातशे ओळी मावतात. 44 मोबाईल चढ-उतार करत असतील तर तेवढ्या ओळी काही तासांतच भरतील. लॉगरीड फक्त त्या क्षणी फळ्यावर काय आहे ते वाचून दाखवतं.

डीमेसेज हा दुसरा फळा, फक्त कर्नलचा. तोही रॅममध्येच. त्यात चौकोनी कंसातला आकडा म्हणजे राऊटर चालू झाल्यापासूनचे सेकंद.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: रीस्टार्टच्या आधीचं परत मिळणार नाही. वीज तुटली की रॅममधलं संपलं. अजून एक सांगतो, कारण हे सगळेच करतात. नेट अडलं की लोक आधी राऊटरचं बटण बंद-चालू करतात आणि मग लॉग बघायला बसतात. पहाटे चारला तुमच्या पोरांनी बटण दाबलं नाही म्हणून ती इकोची ओळ तुम्हाला मिळाली. त्यांना सांगून ठेवा, दाबू नका.

तारखेचं. या राऊटरमध्ये घड्याळाला सेल नसतो. चालू झाल्यावर आजची तारीख काय हे त्याला माहीतच नसतं. मग तो /एटसीमधल्या (सेटिंगच्या) फाइली बघतो, त्यातली सगळ्यात अलीकडं बदललेली जी असेल तिची तारीख आपली मानून चालायला लागतो. 2 एप्रिलला कुणीतरी सेटिंग बदललं असणार. पुढं नेट मिळालं की एनटीपीवरून खरी वेळ येते आणि लॉगमध्ये तारखेची उडी दिसते. खुळं वगैरे काही नाही. उलट उडी दिसली की समजायचं, इथं राऊटर नव्यानं उठलाय.

जुना लॉग गेला तरी एक गोष्ट हातात आहे. "अपटाइम" मारा. समजा 7 वाजून 20 मिनिटांनी तो 14 मिनिटं म्हणाला, तर 7:06 ला पडला होता. रोज वहीत लिहा, मिनिटासकट.

आता पुढच्या वेळची सोय. सगळ्यात बिनखर्चाची: लॅपटॉप वायरनं राऊटरला जोडा, एसएसएच करून "लॉगरीड -एफ" चालवा आणि जे येईल ते लॅपटॉपवरच्या फाइलीत वळवा. एफ लहान. मोठ्या एफचा अर्थ इथं वेगळा आहे, तो फाइलीचं नाव मागतो. लहान एफ फक्त नवीन येणाऱ्या ओळी दाखवत बसतो. सुरुवातीला मागच्या पन्नास हव्या असतील तर सोबत "-एल 50" लावा. राऊटर पडला की एसएसएच तुटेल, पण तोपर्यंतच्या ओळी लॅपटॉपवर राहतील.

आणि आता माझा प्रश्न. तो मिरचीचा ठसका कुठून येतो? शेजारी कांडप आहे काय? मोटर किती एचपीची?

पाणंद_ते_पुणे · मंगळवार, सकाळी 8:05

लॅपटॉप रात्रंदिवस चालू ठेवायचा नसेल तर लुसीमध्ये (राऊटरचं ब्राउझरमधलं सेटिंगचं पान) सिस्टिम, मग पुन्हा सिस्टिम, त्यात लॉगिंगचा टॅब आहे. तिथं बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट 514 भरला की राऊटर प्रत्येक ओळ त्या मशीनकडंही पाठवत राहतो. एखादा जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक चालेल, त्यावर आरसिसलॉग या लॉग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यूडीपीवरून घेण्याच्या दोन ओळी उघडायच्या. मी ऑफिसात असंच केलंय. यूडीपीला पोच नसते, त्यामुळं अगदी शेवटची ओळ हरवू शकते, एवढं लक्षात ठेवा.

बफरही (लॉगची रॅममधली जागा) वाढवा. त्याच टॅबमध्ये आकार केबीत लिहायचा असतो. 128 एमबी रॅमला 512 केबी म्हणजे काहीच नाही. पण ते बदलल्यावर लॉगडी पुन्हा सुरू होतो आणि फळा कोरा होतो, म्हणून हवं ते आधी उतरवून घ्या.

कॉफी_आणि_कर्नल · मंगळवार, सकाळी 9:30

एवढं कशाला? लॉग फाइलचा पर्याय आहेच की. /एटसीमध्ये एखादी फाइल दे, राऊटरच्या फ्लॅशवर कायम राहील. रीस्टार्टलाही जाणार नाही.

दुसरी_पाळी · मंगळवार, दुपारी 12:10

राहील, पण ती फ्लॅश ठरावीक वेळाच पुसता-लिहिता येते. दिवसरात्र लॉग त्याच चिपवर घासायचा म्हणजे राऊटर लवकर म्हातारा करायचा. 16 एमबीत मोकळी जागा तरी किती असणार. यूएसबी पोर्ट असेल तर पेनड्राइव्हवर लिहा, तो गेला तर दोनशे-तीनशेचा विषय.

नववी_गल्ली · मंगळवार, दुपारी 1:45

दुसरी पाळीवाले दादा, तुम्ही मिरचीचं का विचारलं हे मला सकाळी दात घासताना कळलं आणि ब्रश हातातच राहिला.

शेजारच्या इमारतीत तळाला एका काकूंची पिठाची गिरणी आहे. सीझनला मिरची कांडपही. एप्रिल-मे म्हणजे चटणीचा सीझन, सगळ्या गल्लीचं वर्षाचं तिखट तिथं होतं. ब्याडगी, संकेश्वरी, खोबरं, तीळ, धने, सगळं घेऊन बायका चारपासून बसलेल्या असतात. पोरांचा एक विनोद पण आहे, मी आजपर्यंत नुसता हसत होतो: "ठसका लागला की नेट गेलं."

मोटर साडेसात एचपीची, आत्ता विचारून आलो. लॅपटॉप लावतो आज.

नववी_गल्ली · शनिवार, रात्री 11:05

चार दिवसांचा हिशेब देतो. लांबलं तर सांभाळून घ्या, एवढं डोकं मी दहावीच्या भूमितीलाही लावलं नव्हतं.

मंगळवार ते शुक्रवार राऊटर एकूण नऊ वेळा पडला. नऊही वेळचा लॉग लॅपटॉपवर मिळाला. शेवटची ओळ प्रत्येक वेळी एकदम साधी. एकदा कुणाच्या तरी मोबाईलला आयपी दिल्याची, एकदा कुणीतरी वायफाय सोडून गेल्याची. तक्रार नाही, चूक नाही, बंद होतोय म्हणून सांगणारी ओळ नाही. बोलता बोलता माणूस वाक्याच्या मध्येच गप्प व्हावा तसं.

मग मी मुद्दाम एकदा कमांडनं रीबूट करून बघितला. तेव्हा मात्र शेवटी एकेक सेवा बंद होत गेल्याच्या ओळी आल्या आणि मग एसएसएच तुटलं. म्हणजे स्वतःहून रीस्टार्ट होतो तेव्हा सांगून जातो. संध्याकाळी तो सांगत नाही.

वही घेऊन काकूंकडं गेलो. त्यांना वाटलं आवाजाची तक्रार घेऊन आलोय. म्हणाल्या, "आठच्या पुढं एक मिनिट चालवत नाही हं मी." मी म्हटलं काकू, तसं काही नाही, फक्त कांडपाचं बटण कधी दाबता तेवढं लिहून ठेवाल का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. पण नातवाला बसवला वही घेऊन. त्याच्या वहीत गुरुवारी 5:42, 6:18, 7:05, शुक्रवारी 5:50 आणि 6:31. माझ्या वहीत गुरुवारी 5:42 आणि 7:05, शुक्रवारी 6:31. म्हणजे कांडप सुरू होतं त्या प्रत्येक वेळी राऊटर पडत नाही, पण पडतो तेव्हा कांडप त्याच मिनिटाला सुरू झालेलं असतं. पिठाच्या गिरणीची मोटर लहान आहे, तिच्यानं काही होत नाही.

मग ओएनटी का पडत नाही? त्याला लाईनवाल्यानंच छोटा यूपीएस दिलाय, पांढरी डबी आहे, मला इतके दिवस तो चार्जर वाटत होता. पंखे-ट्यूब इन्व्हर्टरवर. राऊटर तेवढा जिन्याजवळच्या साध्या पॉइंटवर. म्हणून लाईटनं डोळा मिचकावला तरी मला वर कळायचंच नाही.

आज एक्स्टेन्शन टाकून राऊटर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घेतला आणि खूश होऊन बसलो. 6:10 ला काकूंनी कांडप लावलं, इन्व्हर्टर टक् वाजला आणि राऊटर पुन्हा झोपला!! आता काय?

मीटरनं अडॅप्टर तपासला, 12.1 व्होल्ट दाखवतोय. त्यावर 12 व्होल्ट, 1 अँपिअर लिहिलंय.

दुसरी_पाळी · रविवार, सकाळी 10:00

शाब्बास. आमच्या शॉपमध्ये नोंद इतकी नीट ठेवणारा एकच माणूस आहे आणि तो रिटायर होतोय.

साडेसात एचपीची मोटर चालू असताना अकराएक अँपिअर घेते. थेट स्टार्टरवर चालू करताना मात्र पहिला क्षण त्याच्या पाच-सहा पट ओढते, आणि कांडप मिरचीनं भरलेलं असेल तर तो क्षण लांबतो. तेवढ्या वेळात शेजारच्या वायरींवर व्होल्टेज खाली बसतं. कधी जास्त, कधी कमी, म्हणून दरवेळी पडत नाही.

तरीसुद्धा चांगल्या अडॅप्टरला याचं काही वाटायला नको. त्याच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो, तो असे क्षणाचे खड्डे भरून काढतो. अडॅप्टर वर्षानुवर्षं गरम राहिला की तो कपॅसिटर सुकतो. मग एरवी 12 व्होल्ट छान देतो, खड्डा आला की हात टेकतो. मीटरवर 12.1 दिसलं ते खरंच आहे, पण मीटर एवढं झटपट वाचत नाही, एक दशांश सेकंदाचा खड्डा त्याला दिसतच नाही. तुमची इन्व्हर्टरची चाचणी यातली सगळ्यात कामाची. घरगुती इन्व्हर्टर लाईट असेपर्यंत तीच पुढं सोडतो, व्होल्टेज पडलं की मग बॅटरीवर उडी मारतो, आणि त्या उडीला काही मिलिसेकंद लागतात. तेवढाही वेळ तुमचा अडॅप्टर तग धरत नाही.

एक खबरदारी. लॉगमध्ये शेवटी काही नाही म्हणजे अडॅप्टरच, असं नसतं. कर्नल कोलमडला तरी लॉगरीड -एफ असंच मध्ये तुटतं, कारण ओळ बाहेर पाठवायला कुणी जिवंतच उरत नाही. काही राऊटरमध्ये तसं झालं तर /सिस/एफएस/पीस्टोअर मध्ये कोलमडतानाच्या नोंदींच्या काही फाइली मिळतात. तिथं एकदा डोकावा. तुमच्याकडं ती दोन वह्यांची जुळणी आहे म्हणून मी अडॅप्टरवर बोट ठेवतोय.

नवा घेताना 12 व्होल्टचाच घ्या, अँपिअर जास्त चालतात, दीड-दोनचा घ्या. पिनची जाडी आणि आतला प्लस-मायनस जुन्यासारखाच आहे ना ते छापलेल्या खुणेवरून बघा. 9 चा किंवा 19 चा घरात पडलेला जोडून बघू नका.

पहाटेचं प्रकरण वेगळं आहे. त्या इकोच्या ओळीच्या आधी "लिंक इज डाउन" असं काही होतं का?

नववी_गल्ली · रविवार, दुपारी 4:20

नाही. त्या पहाटेचा लॉग मी तेव्हाच लॅपटॉपवर उतरवून ठेवला होता, त्यात "लिंक" शोधलं, पहाटेच्या वेळेचं काही नाही. इकोची ओळ, मग कनेक्ट टाइम इतकी मिनिटं, मग "टाइमआउट वेटिंग फॉर पीएडीओ पॅकेट्स" अशा सात-आठ ओळी, मग 4:26 ला पासवर्ड स्वीकारला आणि आयपी मिळाला. पीस्टोअर रिकामं आहे.

पाणंद_ते_पुणे · रविवार, संध्याकाळी 6:00

मग ते त्यांच्याकडचं आहे. ओएनटी आणि राऊटरमधली वायर निघाली असती किंवा ओएनटी बंद पडला असता तर आधी लिंक डाउनची ओळ आली असती. इथं वायर जिवंत आहे. तुमचा राऊटर पलीकडच्या सर्व्हरला "आहेस का?" म्हणून विचारतोय, पाच वेळा उत्तर नाही, म्हणून त्यानं जोडणी सोडली. नंतर "कुणी आहे का?" अशी हाक मारत राहिला, त्या पीएडीओच्या ओळी. पंचवीसएक मिनिटांनी तिकडून कुणीतरी ओ दिली. सीरियल शब्दाकडं दुर्लक्ष करा, पीपीपी मोडेमच्या काळातला आहे, भाषा तीच राहिली.

तेवढ्या ओळी वेळेसकट लाईनवाल्याला पाठवा. "नेट जातंय" म्हटलं की तो कनेक्टर पुसतो. ओळी दिल्या तर त्याला त्या वर पाठवाव्या लागतील.

नववी_गल्ली · पुढचा गुरुवार, रात्री 9:50

सोमवारी लक्ष्मीपुरीतून 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर आणला. जुना अडॅप्टर पाना घालून उघडला. आतला मोठा कपॅसिटर वरून भाकरीसारखा फुगलेला.

तेव्हापासून कांडप रोज चालू आहे. मंगळवारी तर काकूंना हात जोडून सलग तीनदा बंद-चालू करायला लावलं. रांगेतल्या बायका म्हणाल्या, "ह्याला काय झालंय?" राऊटर हलला नाही. अपटाइम तीन दिवस चार तास. पोरांना ठसका लागतोय, नेट जात नाही, त्यामुळं त्यांचा विनोद मेला.

लाईनवाल्याला पहाटेच्या ओळी पाठवल्या. आधी म्हणाला हे काय इंग्रजी पाठवलंय, मग तासाभरानं त्याच्या साहेबाचा फोन आला. कुठली वेळ, किती दिवस, विचारून घेतलं. आज पहाटे गेलं नाही. उद्या बघायचं. आणि हो, संध्याकाळच्या प्रकरणात मी त्याला तीन खेपा उगाच मारायला लावल्या होत्या, ते त्याला सांगितलं. चहा पाजला.

आता शेवटची एक शंका. बफर 512 केला तरी लॉगमध्ये मागं दोन दिवसांच्या पलीकडचं दिसत नाही. सगळा फळा "डीएचसीपी रिक्वेस्ट", "डीएचसीपी अ‍ॅक" यांनीच भरलेला, म्हणजे मोबाईलनं आयपी मागितला आणि राऊटरनं दिला या ओळींनी. एकाच मोबाईलच्या तर चारशे ओळी आहेत, तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतो. लॉगरीडला -ई (शब्द देऊन ओळी निवडून दाखवणारा पर्याय) लावून वगळता येतं का?

दुसरी_पाळी · गुरुवार, रात्री 11:40

-ई फक्त दाखवताना गाळतं. फळ्यावर जागा त्या ओळींनी खाल्लेलीच असते. डीएचसीपीच्या सेटिंग फाइलीत डीएनएसमास्कच्या भागात "क्वाइटडीएचसीपी" 1 करा. रोजची देवघेव लिहायचं थांबेल, चुका लिहीत राहील. डीएनएसमास्क रीस्टार्ट करायला विसरू नका. त्या मुलाची खुर्ची आत सरकवली तरी निम्म्या ओळी कमी होतील.

नववी_गल्ली · शुक्रवार, सकाळी 7:30

दोन्ही केलं. रात्रभरात एकूण 31 ओळी. पहाटे चारला एकही नाही.